शहर फिरतं कशाने? खेळातल्या संस्कृतीबद्दल एक लांबलचक उत्तर

प्रश्न निपाणीकडच्या एका तरुणाचा आहे, थोडक्यात मांडतो. ते दक्खनच्या पार्श्वभूमीवर टर्नवर (पाळीपाळीने) चालणारा स्ट्रॅटेजी गेम बनवतायत. काळ सतराव्या शतकापासून पुढचा, नकाशावर ८० शहरं, खेळाडू चार ते सहा. देवळं, दर्गे, बाजारपेठा, पाठशाळा यांतून प्रत्येक शहर दर टर्नला संस्कृतीचे गुण तयार करतं. शेजारच्या राज्याचा प्रभाव शहरावर साचत जातो आणि १०० झाला की शहर पलीकडे जातं, म्हणजेच फिरतं. खेळून बघणाऱ्यांच्या तक्रारी दोन. एक, "शहर गेलं, पण मी काय करायला पाहिजे होतं तेच कळलं नाही." दुसरी, एक शहर गेलं की त्याच्या मागून तीन-चार जातात आणि डाव तिथेच संपतो. त्यांनी विचारलंय की १०० चे २०० करू का, की मध्ये थोडं नशीब घालू?

माझ्या मते दोन्ही करू नका. २०० केलेत तर तेच दुखणं उशिरा येईल. नशीब घातलंत तर दुखण्याचं कारण आणखी झाकलं जाईल, म्हणजे पहिली तक्रार वाढणारच. तुमचा आकडा लहान नाही. अडचण ही आहे की एकाच आकड्याला तुम्ही दोन कामं लावलीत. "इथले लोक कोणासारखे आहेत" हेही तोच सांगतो आणि "इथे अंमल कोणाचा" हेही तोच ठरवतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बेळगावात वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही, त्याकडे पुढे येतोच.

मी गेली १४ वर्षं मॉड (तयार खेळांत हौशी लोकांनी केलेले बदल) आणि छोट्या खेळांचे नियम लिहितो. त्यातली निम्मी वर्षं या एका गोष्टीशी झटापट करण्यात गेली, म्हणून उत्तर लांबलंय.

आधी, कशावर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. तुमचा डाव दीड-दोन तासांत संपणार असेल तर पुढचं काही वाचू नका. एकच आकडा ठेवा, शहर जाण्याआधी तीन टर्न ठळक सूचना द्या आणि पुढच्या कामाला लागा. लहान डावात माणसाला शहरांशी नातं जोडायला वेळच मिळत नाही, मग बारकावे कोणासाठी? आणि तुमच्या खेळात वेढा घालून शहर घेणं चार टर्नचं काम असेल, तर संस्कृतीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. आधी वेढा महाग करा. पण डाव दोन-तीन संध्याकाळ चालणारा असेल आणि खेळाडूंना शहरांची नावं पाठ होत असतील, तर पुढे वाचा.

जुन्या खेळांनी काय केलं ते बघणं फायद्याचं आहे. चुका त्यांनी आपल्यासाठी आधीच करून ठेवल्यात.

'सिव्हिलायझेशन' या राज्य उभारण्याच्या संगणक-खेळाच्या तिसऱ्या भागात, म्हणजे २००१ साली, ही कल्पना आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्यांदा भेटली. तिथे दर टर्नला पडद्यामागे फासा पडायचा. दोन्ही राजधान्यांपासूनचं अंतर, शहरात परके नागरिक किती, दोन्ही राज्यांच्या एकूण संस्कृतीचं प्रमाण, शहरातली शिबंदी (राखणीची फौज), असं बरंच काही त्यात मिसळलेलं असायचं. आणि शहर फिरलं की आतली सगळी फौज शहरासकट गायब! याचा परिणाम काय झाला? जिंकलेल्या शहरात लोक फौज ठेवेनात, बाहेरच्या टाइलवर (नकाशावरच्या घरात) उभी करू लागले. काही जण शहर मुद्दाम उपाशी ठेवायचे, म्हणजे परके नागरिक कमी होतील. काही जण सरळ जाळून टाकायचे. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात संस्कृतीचा महिमा होता आणि खेळणाऱ्याच्या हातून कत्तल घडत होती. तुमचा नियम माणसाला काय करायला लावतो हे तो खेळल्यावरच दिसतं, कागदावर दिसत नाही.

चौथ्या भागात (२००५) प्रत्येक टाइलवर कोणाची संस्कृती किती टक्के, हे साठत जायचं. शहराच्या खालच्या टाइलवर परक्याचा वाटा वरचढ झाला की बंडाळीची भीती, आणि शिबंदी भक्कम असेल तर ती टळायची. रंग हळूहळू सरकताना नकाशावर दिसायचा. माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात प्रामाणिक पद्धत हीच. संथ होती, पण फसवत नव्हती.

पाचव्या भागात मूळ खेळातून ही गोष्ट गेलीच होती. पुढे २०१३ च्या पुरवणी पॅकमध्ये विचारसरणींच्या ओढाताणीतून ती मागच्या दाराने परत आली. ते सोडून देऊ.

सहाव्या भागाचं २०१८ चं 'राइज अँड फॉल' तुमच्या खेळाला सगळ्यात जवळचं आहे. तिथे शहराची निष्ठा १०० पर्यंत असते. नऊ टाइलच्या आतले नागरिक आपापल्या राज्याकडे ओढतात आणि दर टाइलला ओढ दहा टक्क्यांनी कमी होते. राज्याचा सुवर्णकाळ चालू असेल तर ओढ दीडपट, पडता काळ असेल तर निम्मी. एका टर्नमध्ये बदल जास्तीत जास्त २०. निष्ठा शून्यावर आली की शहर आधी स्वतंत्र होतं, मग कोणाकडे तरी झुकतं. हिशेब सगळा पडद्यावर दिसतो, हे फार मोठं काम त्यांनी केलं. पण तुमची दुसरी तक्रार, एकामागून एक शहरं जाण्याची, तिथेही आहे, आणि कारण तेच आहे. शहर फिरताक्षणी त्यातले सगळे नागरिक नव्या मालकाच्या बाजूने ओढायला लागतात! काल मराठी बोलणारं अख्खं शहर आज सकाळी कन्नडमध्ये भांडायला लागल्यासारखं आहे हे. किंवा उलट. मग शेजारच्या शहरावरची ओढ एका रात्रीत उलटते, ते जातं, त्याच्या मागून तिसरं. दरड कोसळते तसं.

गंमत अशी की तिसऱ्या भागात नागरिकांची मूळ ओळख शहर फिरल्यावरही टिकायची, चौथ्यात टाइलचा इतिहास टिकायचा. दरडीवरचा उपाय जुन्या खेळांत होता, नव्यात तो हरवला.

आता बेळगाव. सीमाप्रश्नाच्या राजकारणात शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. नियम लिहिणाऱ्याच्या नजरेने काय दिसतं तेवढंच सांगतो.

माझी आजी शहापूरची. ती जन्मली तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं आणि त्याला खेटून असलेलं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आजीचं घर तेच, मागाचा खड्डा तोच, खिडकीतून दिसणारी गल्ली तीच. घरात मराठी, सूत घेताना कन्नड, हिशेब दोन्हीत. पण जमिनीचा उतारा कन्नडमध्ये यायचा, तो ती आमच्यातल्या कोणाकडून तरी वाचून घ्यायची. आणि माझा धाकटा चुलतभाऊ, जो कन्नड माध्यमात शिकला, तो आता बायकोशी कन्नडमध्ये आणि आईशी मराठीत भांडतो.

या घरातून मला खेळासाठी तीन वेगवेगळ्या गतीच्या गोष्टी मिळाल्या. अंमल एका दिवसात बदलतो, कागदावर तारीख असते. लोकांची रीत, म्हणजे भाषा, सण, लग्नसंबंध, पिढ्यांनी बदलते आणि तीही शाळा, नोकरी, दफ्तर (सरकारी कागदपत्रं) यांच्या रेट्याने. आणि या दोहोंच्या मध्ये तिसरी गोष्ट असते, मी तिला ओढ म्हणतो: या घटकेला लोकांना कोणाकडे जावंसं वाटतंय. ती वर्ष-दोन वर्षांत वरखाली होते. शेजारच्या बाजारात भाव चांगला मिळतो, इकडचा मामलेदार त्रास देतो, पलीकडे पाणी सोडतात. तुमच्या खेळात या तिन्ही गोष्टी एका आकड्यात कोंबल्यात.

शिवाय नीट बघा, आमच्याकडे रीतीने अंमल कधीच थेट हलवलेला नाही. १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याआधी आणि नंतरही इथे भाषा, सभा, वाचनालयं भरपूर होती, मराठीची आणि कन्नडचीही. रेषा हलली ती राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने, म्हणजे दिल्लीत एक संधी उघडली तेव्हा. १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला. त्याने बेळगाव शहरावरचा महाराष्ट्राचा दावा मानला नाही आणि काही गावांची देवघेव सुचवली, ती झाली नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इतकी दशकं ओढ आहे, रीत आहे, अंमल जागच्या जागी आहे. तुमच्या खेळात हेच शहर तेराव्या टर्नला फिरलं असतं!

तेव्हा माझी मांडणी अशी: रीत शहर फिरवत नाही. रीत आणि कारभार मिळून ओढ तयार करतात. ओढ पुरेशी असेल आणि संधी उघडली, तरच बोलणी सुरू होतात. आणि बोलणीत ठरलं तर अंमल बदलतो.

रीत शहराला देऊ नका, वस्तीला द्या. समजा शहरात १० वस्त्या आहेत, ६ तुमच्या रीतीच्या, ४ शेजाऱ्याच्या. अंमल बदलला तरी वस्त्या त्याच राहतात. शेजाऱ्याने शहर घेतलं तर त्याच्या पोटात तुमच्या सहा वस्त्या जातात आणि त्या तुमच्याच बाजूने ओढत राहतात. दरड इथेच थांबते, वेगळा नियम लिहावा लागत नाही. उलट जो भराभर गिळतो त्याचं पोट बिघडतं. वस्तीची रीत बदलायला माझ्याकडे निदान २५ टर्न लागतात, आणि त्यासाठी दफ्तराची भाषा, पाठशाळा आणि शांतता तिन्ही सलग लागतात. मध्ये लढाई झाली की मोजणी परत शून्यापासून. दफ्तराची भाषा हे हत्यार दोन्ही हातांत चालतं हे विसरू नका. पेशवाई बुडाल्यावरही धारवाड-बेळगावकडे बराच काळ दफ्तर मोडीत चाललं, आणि तक्रार कन्नड बोलणाऱ्यांची होती. पुढे काटा उलटा फिरला. तुमच्या खेळात या नियमाला आवडतं राज्य नसावं.

ओढीचा हिशेब मुद्दाम बाळबोध ठेवा, खेळाडूला बोटांवर करता आला पाहिजे. माझा असा: प्रत्येक वस्ती आपल्या राज्याला ३ देते. तुमचे १८, शेजाऱ्याचे १२. शहराचा माल शेजाऱ्याच्या पेठेत जातो, त्याला १० आणखी. तुमचा सारा (शेतसारा) जड आहे, तुमचे ६ वजा. देसाई (तिथला वतनदार) खूश आहे, ५ अधिक. गेल्या वेढ्यात तुम्ही मदतीला पोहोचला नाहीत, ८ वजा. तुमचे झाले ९, त्याचे २२. वस्त्या तुमच्या जास्त, तरी शहर १३ ने पलीकडे झुकलेलं. आता खेळाडूला कळतं की काय करायचं: सारा उतरवा, पुढचा वेढा फोडून काढा, तुमचे २३ होतात आणि काटा थोडासा का होईना तुमच्याकडे येतो. पहिली तक्रार हिशेबाच्या या एका पानानेच निम्मी मिटते. आकड्यांपेक्षा कारणं शब्दांत दाखवा. "ओढ –१३" असं लिहू नका, "वेढ्यात एकटे सोडले, हे लोक विसरलेले नाहीत" असं लिहा. आमच्या चाचणीत आकडे बघून मुलं "गेम चीटिंग करतोय" म्हणायची. वाक्य लिहिल्यावर गोकाकचा एक मुलगा म्हणाला, "हौदु (हो), चूक माझीच की." शहर त्या डावात पण गेलंच त्याचं.

संधीबद्दल. ओढ दहाच्या वर गेली तरी रोज काही होत नाही. दार उघडावं लागतं. राजाचा मृत्यू आणि गादीचा वाद, राजधानी पडणं, मोठा तह, सलग दोन दुष्काळ, शिबंदीचा पगार थकणं. एवढ्या पाचच ठेवा, आणि शक्यतो खेळाडूच्याच कृतीतून येतील अशा ठेवा. पगार कोणी थकवला? त्यानेच. दार उघडलं की सगळ्यांना कळतं, शेजाऱ्यालाही. खेळातली सगळ्यात रंगतदार घटका हीच असते. लोक चहा थंड होऊ देतात.

दार उघडल्यावर शहर फिरत नाही, कौल मागतं. हा शब्द मी कुठून शोधून आणलेला नाही. आपल्याकडे रयत उठून गेली की तिला परत बोलवायला राजा कौल द्यायचा, सारा किती, वतन (वंशपरंपरेचा हक्क) कायम, त्रास देणार नाही, असं लिहून. देसाई-देशमुख एका सत्तेतून दुसरीत जायचे ते देऊळ सुंदर आहे म्हणून नव्हे, वतनाची सनद कोण कायम करतो हे बघून. तुम्ही दक्खनवर खेळ करताय आणि हा एवढा आयता मालमसाला वापरत नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. तर, तीन टर्नचा कौलाचा काळ. शहर दोन मागण्या मांडतं. त्या शहराच्या तक्रारींतूनच निघाव्यात: सारा तीन वर्षं माफ, दफ्तर आमच्या भाषेत, पेठेची जकात उतरवा, शिबंदी गावाबाहेर न्या, देसायाचं वतन कायम करा. सध्याचा मालक आणि शेजारी, दोघंही बोली लावतात. बोली पैशाची नसते, वचनांची असते. आणि वचन मोडलं तर ते फक्त या शहराला नाही, आसपासच्या सगळ्या शहरांना कळतं. तिथून पुढचे सगळे कौल तुम्हाला महाग पडतात.

शेवटी दोन्ही बोल्या तुल्यबळ असतील तर? तेव्हा शहर दुअंमली करा. महसूल निम्मा-निम्मा, फौज कोणाचीही आत नाही, आठ टर्न. सहाव्या 'सिव्हिलायझेशन'मधलं स्वतंत्र शहर मला नेहमी पोकळ वाटलं, कारण त्याच्याशी करण्यासारखं फार काही नसतं. दुअंमली शहरात मात्र दोघांनाही रोज काहीतरी करता येतं, आणि दोघांनाही ते नकोसं असतं. म्हणजे खेळाला बरं.

शिबंदीवर एक कबुली. माझ्या पहिल्या मॉडमध्ये शहरात जितकी फौज जास्त तितका धोका कमी असा सरळ नियम होता. सगळ्यांनी सीमेवरच्या शहरांत सहा-सहा पलटणी कोंबल्या आणि डाव थिजला. आता माझ्याकडे शिबंदी दार उघडू देत नाही, पण दर टर्नला ओढ एकाने तुमच्याकडून कमी करते. थोडे दिवस धरून ठेवता येतं, फार दिवस नाही. आणि ज्या दिवशी फौज दुसरीकडे न्यावी लागते त्या दिवशी साचलेलं सगळं एकदम बाहेर येतं. हा एक बदल केला आणि बाकी सगळे आकडे मला परत जुळवावे लागले. दोन महिने गेले.

आता तहाबद्दल जरा सविस्तर सांगतो. इथे आमच्या मातीतून एक फार चांगली गोष्ट मिळाली. सीमाभागात लहानपणापासून कानावर पडते ती चतुःसूत्री: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. महाराष्ट्राची मागणी याच तत्त्वांवर, आठशेहून अधिक गावांसाठी. कर्नाटकाचं म्हणणं असं की कायद्याने झालेली रेषा आणि महाजन अहवाल हेच अंतिम. कोण बरोबर ते सोडा. खेळ लिहिणाऱ्याला यातलं पहिलं सूत्र सोन्यासारखं आहे, कारण घटक कोणता धरायचा यावरच अर्धी लढाई असते.

कागदावर करून बघा. एका जिल्ह्यात तीन तालुके, प्रत्येकी १० गावं. पहिल्या तालुक्यात ९ गावं तुमच्या रीतीची, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ४. एकूण ३० पैकी १७. जिल्हा हा घटक धरला तर सगळा जिल्हा तुमचा. तालुका धरला तर एकच तालुका तुमचा. गाव धरलं तर १७ गावं तुमची, पण त्यातली समजा तीन पलीकडच्या मुलुखात बेटासारखी, म्हणजे सलगतेच्या सूत्राने ती गेली, उरली १४. माणसं तीच, गावं तीच, उत्तरं तीन! मी तहाच्या पडद्यावर खेळाडूला गावं मागायला लावतच नाही. त्याला सूत्र मागायला लावतो. घटक कोणता, सलगता बघायची की नाही, मोजणी कोणत्या सालची. मग नकाशा आपोआप रंगतो. पहिल्यांदा खेळणारे नेहमी जिल्हा मागतात आणि पुढच्या तहात त्याच सूत्राने मार खातात, कारण एकदा मागितलेलं सूत्र शत्रूलाही वापरता येतं. आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या खोलीत यावर जेवढी भांडणं झाली तेवढी लढायांवर झाली नाहीत. मराठी बोलणारी पोरं कन्नड राज्य घेऊन तालुक्यासाठी भांडत होती, कन्नड बोलणारी गावासाठी. भांडण मात्र दोन्ही भाषांत.

आणि अंमल बदलल्यावर जुन्या मालकाचा दावा पुसू नका. दावा म्हणून ठेवा, त्याचा थेट फायदा काही नको. फक्त पुढच्या तहात तो टेबलावर मांडता यावा. 'युरोपा युनिव्हर्सालिस' या दुसऱ्या स्ट्रॅटेजी खेळाच्या चौथ्या भागात गेलेल्या प्रांतावर असा हक्क टिकतो आणि त्यामुळे नकाशाला आठवण असते. तुमच्या नकाशाला सध्या आठवण नाही, त्यामुळे गेलेलं शहर खेळाडू विसरतो किंवा चिडून खेळ बंद करतो.

संगणकाने चालवलेल्या राज्यांबद्दल फार डोकं लावू नका. त्यांना कौलाची बारीक बोली जमत नाही. जे शहर सगळ्यात जास्त महसूल देतं त्याची पहिली मागणी मान्य करा, बाकीच्यांना शिबंदी, एवढा ढोबळ नियम पुरतो. ओढीचा हिशेब दर टर्नला करू नका, दर पाच टर्नला करा. ८० शहरांवर यंत्र अडखळणार नाही, पण खेळाडूचं लक्ष अडखळतं. रोज हलणारा आकडा कोणी वाचत नाही.

हे सगळं एकदम करायला गेलात तर सहा महिने खेळ उभाच राहणार नाही, हेही सांगतो. क्रम असा धरा. पहिल्यांदा वस्तीला रीत द्या आणि शहर फिरल्यावर वस्त्या तशाच ठेवा. बाकी जुनं राहू द्या, १०० चा आकडासुद्धा. दोन संध्याकाळी खेळा. दरड थांबली का बघा. मग कारणांचं पान शब्दांत लिहा, परत खेळा. त्यानंतर १०० काढून संधी आणि कौल आणा. दुअंमल आणि तहाचं सूत्र सगळ्यात शेवटी, तोवर बाकी घडी बसलेली असेल.

खेळून बघताना जिंकणाऱ्याला काही विचारू नका, तो सगळं छान आहे म्हणेल. ज्याचं शहर गेलं त्याला डाव संपल्यावर लगेच तीन गोष्टी विचारा: शहर का गेलं, ते जाणार हे कधी कळलं, आणि तेव्हा काय करता आलं असतं. तिन्हीची उत्तरं तुमच्या हिशेबाशी जुळली तर आकड्यांना हात लावू नका. पहिल्याचंच उत्तर चुकलं तर कारणांचं पान परत लिहा. तिसऱ्याचं उत्तर "काहीच नाही" असं आलं, तर कौलातल्या मागण्या त्या खेळाडूच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. बहुतेक वेळा सारामाफीची रक्कम जास्त ठेवलेली असते. माझ्याकडे ती आधी महसुलाच्या निम्मी होती, आता पाचवा हिस्सा आहे.